व्यायामात मन का लागत नाही?

(कशेडी येथे बचत गटांतील महिलांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय तुम्हीच सुचवलात. मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, "ताई, व्यायाम सुरू करतो, पण आठ-पंधरा दिवसांत सुटतो. मनच लागत नाही. काय करायचं?" शहरात पैसे भरून जिममध्ये जाणाऱ्या बायकाही हेच विचारतात. त्यांना सांगितलं जातं, इच्छाशक्ती वाढवा, आरशात बघा, बारीक झाल्यावर कशा दिसाल ते डोळ्यांपुढे आणा. म्हणजे पुन्हा बाईचं दिसणं आणि पुन्हा बाईचाच दोष! आपण हा प्रश्न दुसऱ्या बाजूने बघू.

त्याआधी एक शंका. "आम्हाला कशाला हवा व्यायाम? डोंगर चढतो, हंडे वाहतो, लावणीला दिवसभर वाकतो." खरं आहे. तुमच्याइतके कष्ट जिममधलं कोणी करत नसेल. पण कष्टात शरीराचे तेच ते भाग झिजतात. हंड्याखाली मान दबते. लावणीत कंबर तासन्‌तास वाकलेली राहते. दमलं तरी थांबता येत नाही, कारण चिखणी झालेलं शेत आणि पाऊस वाट बघत नाहीत. व्यायामात किती करायचं आणि कधी थांबायचं हे आपण ठरवतो. वजन हळूहळू वाढवतो, मध्ये विश्रांती घेतो, म्हणून स्नायू बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं अंग गरम होईल इतकी हालचाल करावी, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पहिला भाग तुमचा कामातच पुरा होत असेल. राहतो तो दुसरा. पाळी जाण्याच्या वयात बाईची हाडं ठिसूळ होऊ लागतात, गुडघे कुरकुरतात, तेव्हा हाच भाग उपयोगी पडतो.

मग यात मन का लागत नाही? पहिलं कारण मनात शोधूच नका, रक्तात शोधा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईला दहा बैठकांत दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती म्हणते, मी आळशी आहे. ती आळशी नसते, आजारी असते. तेव्हा व्यायामाची पहिली पायरी म्हणजे आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घेणं. कमी असेल तर गोळ्या घ्यायच्या आणि सासूबाई काय म्हणतील याचा विचार न करता जेवणात आपलं ताटही भरून घ्यायचं.

दुसरं कारण वेळ. देशभर २०२४ साली वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८. ज्यांनी हातच लावला नाही ते तर या हिशेबातही नाहीत! आता सांगा, बैठका काढताना बाईचं मन कुठे असेल? चुलीवर दूध आहे. नळाला पाणी आलं असेल. पोराची एसटी चुकेल. याला आपण चंचलपणा म्हणतो. खरं तर ते मन कामावर हजर असतं, कारण त्याला सुट्टी कोणी दिलेलीच नसते. कशेडी घाटाला बोगदा झाला. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची घाटातली वळणं चुकली, वेळ वाचला. चांगलंच झालं. पण त्यांच्यासाठी भाकरी थापणाऱ्या बाईचा वेळ वाचवायला कुठला बोगदा?

मी काम करते त्या भागातल्या एका वाडीत चौदा जणींनी सकाळी सहाला एकत्र व्यायाम सुरू केला. महिन्याने पाच उरल्या. "बायकांना चिकाटी नाही," असं गावात म्हणू लागले. आम्ही गळालेल्या नऊ जणींच्या घरी गेलो. कोणाच्या दारी नळाला पाणी तेव्हाच येत होतं. कोणाच्या नवऱ्याला सहालाच चहा लागत होता. एकीला वाटेवर टोमणे ऐकावे लागत. चिकाटीचा प्रश्न एकीचाही नव्हता. मग सगळ्यांनी बसून वेळ संध्याकाळी पाचची केली. जाता-येता दोघी-तिघींनी मिळून निघायचं ठरलं. लावणीच्या दिवसांत व्यायाम बंद आणि लावणी उरकली की लगेच सुरू, हेही आधीच ठरवलं, म्हणजे खंड पडला तरी "सुटलं" असं वाटत नाही. आता अकरा जणी येतात.

आता प्रत्यक्ष व्यायाम करताना लक्ष कसं ठेवायचं? तुमच्यातल्या बऱ्याच जणी शाळेत कबड्डी खेळल्या असतील. चढाईला गेल्यावर तोंडाने सतत "कबड्डी, कबड्डी" चालू असायचं. तेव्हा घरचं काही आठवायचं का? तोंड, श्वास आणि पाय एकाच कामाला लागले की मनाला भटकायला जागा राहत नाही. तेच इथे करा. प्रत्येक बैठक मोठ्याने मोजा. मोजल्याने श्वासही रोखला जात नाही. उठताना कुठला स्नायू काम करतोय ते हात लावून बघा. बोलायचं ते मधल्या विश्रांतीत बोला. मोबाईल पिशवीत ठेवा.

सुरुवात थोडक्यात करा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून जोर, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा एकदा. वीस मिनिटं पुरतात. किती केलं ते वहीत लिहा. महिन्याने मागचं पान उघडून बघितलं की पुढे जायला तेच बळ देतं. वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका, तो हलला नाही तरी ताकद वाढलेली असते. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. बाळंतपण नुकतंच झालं असेल किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. हा त्रास कित्येक जणी वर्षानुवर्षं लाजेपायी लपवतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

शेवटी जागेबद्दल. बऱ्याच गावांत आता सरकारी खर्चाने खुली व्यायामशाळा झाली आहे. तिथे संध्याकाळी कोण दिसतं? तरुण मुलगे. बाई तिथे उभी राहिली की लोक वळून बघतात. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत मुलींची कबड्डी पहिल्यांदा आली आणि भारताने सुवर्णपदक मिळवलं. २०१२ साली पाटण्याला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या. त्यांचा सत्कार आपण टाळ्या वाजवून करतो. आणि आपल्या घरातली, शाळेत तशीच खेळणारी मुलगी लग्न झालं की पुन्हा मैदानात पाऊल टाकत नाही. तिला कोणी नको म्हटलेलं नसतं, पण ये असंही कोणी म्हटलेलं नसतं. म्हणून ग्रामसभेत मागणी करू या, की व्यायामशाळेत किंवा शाळेच्या पटांगणात आठवड्यातले दोन दिवस तासभर बायकांसाठी राखून ठेवा, आणि तिथे दिवा लावा. साडीवर जमत नसेल तर पंजाबी ड्रेस घालू. पहिल्या आठवड्यात लोक हसतील. दहा जणी असलो की हसणाऱ्यांनाच कंटाळा येईल.

तर आजपासून सोमवार आणि गुरुवार, वीस-वीस मिनिटं. घरी आधी सांगून ठेवा, विचारू नका, सांगा. पुढच्या बैठकीत कोणाचं किती वजन कमी झालं हे मी विचारणार नाही. त्या वीस मिनिटांत घरचं दूध कोणी बघितलं, पाणी कोणी भरलं, हे मात्र एकेकीला विचारणार आहे.