नववीचा उंबरठा

शाळा अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या मुलांसाठीं आपल्या भाषेंत ‘गळती’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सोयीचा खरा, पण त्यांत एक खोट आहे. पाणी गळतें तेव्हां दोष पाण्याचा नसतो, भांड्याचा असतो. आणि हें कसबा पेठेंत तरी कोणास समजावून सांगावें लागूं नये. पुणें शहराची ही सर्वांत जुनी वस्ती. येथील तांबट आळींत पेशवाईपासून तांब्याचीं भांडीं घडत आलीं आहेत. भांडें गळूं लागलें म्हणजे कारागीर तें उजेडाकडे धरतो, भोंक नेमकें कोठें आहे तें पाहतो आणि तेवढीच जागा सांधतो. शाळांच्या बाबतींत मात्र गळून गेलेलीं मुलें मोजलीं जातात, त्यांची टक्केवारी छापली जाते. भोंक कोठें पडलें हें पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

तें भोंक पुष्कळदां नववीच्या वर्गांत असतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. आठवी पुरी होईपर्यंत कोणासही त्याच वर्गांत मागें ठेवूं नये, असा त्यांत दंडक होता. पुढें २०१९ सालीं दुरुस्ती होऊन पांचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. कायद्याचा हेतु उत्तमच होता. परंतु ज्या मुलास अपूर्णांकांची बेरीज पांचवींत उमगली नाहीं, तें मूल ती न उमगतांच वर्षामागून वर्ष वर सरकत नववींत येऊन उभें राहतें. येथें कायद्याचें छत्र संपतें, नापासाची भीति खरी होते, आणि नेमक्या त्याच वेळीं घरास त्याचे हात दिसूं लागतात. चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलास धोक्याचें नसलेलें काम करण्यास कायद्याचीहि आडकाठी नाहीं. “सर, ह्याला डोकं नाही, हात आहे,” असें बाप सांगतो, आणि त्याच्या बोलण्यांत राग नसून एक प्रकारची सुटका असते.

ह्याच शहरांत असा एक मुलगा एके काळीं शाळेबाहेर पडला होता. त्याचें नांव जोतीराव फुले. १८२७ सालीं जन्मलेले जोतीराव मराठी शाळेंत लिहावयास-वाचावयास शिकले, आणि मग वडील गोविंदरावांनीं त्यांस शाळेंतून काढून मळ्याच्या कामास लावलें. गफ्फार बेग मुनशी आणि लिजिट साहेब ह्या दोघां परिचितांनीं मुलाची बुद्धि हेरली, गोविंदरावांचें मन वळविलें, आणि १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाले. त्या वेळीं त्यांचें वय चौदा होतें, म्हणजे आजच्या नववींतल्या मुलाचें. तेथील शिक्षण १८४७ सालीं संपलें, आणि पुढच्याच वर्षीं बुधवार पेठेंतल्या भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली. (तो वाडा स्मारकासाठीं २०२३ च्या डिसेंबरांत पाडण्यांत आला.) १८५५ सालीं ह्या दांपत्यानें दिवसा राबणाऱ्यांसाठीं रात्रीची शाळाहि काढली. हा सारा इतिहास शाळकरी मुलांनाहि पाठ असतो. मुलगा मळ्यांत आणि पाटी कोनाड्यांत, ह्या मधल्या काळाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. त्या दोन गृहस्थांचें कार्य पाहूं गेल्यास फार मोठें नव्हतें. एका मुलाकडे त्यांचें लक्ष गेलें आणि ते त्याच्या बापाशीं जाऊन बोलले.

पुण्यानें गरीब विद्यार्थ्यास हात दिला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. वार लावून जेवणें आणि माधुकरी मागणें ह्या रीतींवर कित्येक पिढ्या शिकल्या. १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह, जें आज पुणे विद्यार्थी गृह ह्या नांवानें ओळखलें जातें, तें ह्याच गरजेंतून उभें राहिलें. पण वार व माधुकरी बहुतांशीं एका जातीच्या, परगांवाहून आलेल्या मुलांपुरती होती, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. कसब्यांतल्या कुंभाराच्या किंवा तांबटाच्या मुलास घर होतें, जेवण होतें. त्याची अडचण निराळी होती. त्याला दिवसांतले दोन तास मोकळे मिळत नव्हते. ती अडचण रात्रशाळांनीं ओळखली. १९२० सालीं स्थापन झालेल्या सरस्वती मंदिर संस्थेच्या पूना नाईट हायस्कुलानें दिवसा काम करणाऱ्या पुष्कळांना परीक्षेच्या दारापर्यंत नेलें आहे.

मुलास काय कमी पडतें हें त्याच्या आळींत गेल्यावांचून कळत नाहीं. कुंभारवाड्याचेंच पाहा. तेथील पुष्कळ कुटुंबें मुंढव्याजवळच्या केशवनगरांत राहावयास गेलीं, तरी मूर्ति व पणत्या ह्यांचा बाजार अजून जुन्या जागीं भरतो. भाद्रपदांत गणपति आणि अश्विनांत पणत्या, हेच त्या घरांचे कमाईचे दिवस. घरांतलें प्रत्येक माणूस, शाळकरी मुलासुद्धां, त्या हंगामांत कामाला जुंपलेलें असतें. नेमकी ह्याच सुमारास शाळेची पहिली सहामाही परीक्षा येते. हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागते, सहामाहींत गुण पडत नाहींत, आणि मुलाच्या नांवापुढें ‘अनियमित’ असा शेरा येतो. मुलगा अनियमित नव्हता. धंद्याचा नियम एक आणि शाळेचा दुसरा, एवढीच गोष्ट होती. ज्या शिक्षकास हें ठाऊक आहे तो श्रावणांतच त्या मुलांकडून पुढचे दोन धडे करून घेईल आणि दिवाळीच्या सुट्टींत राहिलेलें भरून काढील. त्याला वरून हुकूम येण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

तांबट आळींतलें दुखणें आणखी निराळें. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आलीं तसे कारागीर कमी झाले. तरी जेथें हातोडी चालते तेथें दिवसभर ठोक्यांचा नाद असतो, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत संध्याकाळीं दूरदर्शनसंच चालूं असतो. अशा घरांत भूमितीचें प्रमेय पाठ होईल कसें? पांढरपेशा घरांतून “अभ्यासाला बस” असें सांगतांना बसावयाची जागा गृहीत धरलेली असते. जागेची ही उणीव महानगरपालिकेच्या अभ्यासिका कांहीं अंशीं भरून काढतात. पण अभ्यासिकेंत मोठ्या परीक्षांचे उमेदवार गर्दी करतात, आणि नववींतला बुजरा मुलगा दारांतूनच परत फिरतो. त्याच्यासाठीं निराळी वेळ राखून ठेवणें अवघड नाहीं. फक्त तें कोणाला तरी सुचावें लागतें.

मुलींच्या बाबतींत तर हजेरीपटहि पुरतें सांगत नाहीं. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं एक दिवस राहिलेली मुलगी पुढें आठवडा राहते, आणि मग तिच्या लग्नाचें बोलणें निघतें. कायद्यानें वय अठरा हवें, हें बापास माहीत असतें. पण शाळेंत जाणाऱ्या मुलीचें लग्न लांबवितां येतें, घरीं बसलेल्या मुलीचें लांबवितां येत नाहीं, हाहि त्याचा अनुभव असतो.

आतां एका अप्रिय गोष्टीकडे वळणें भाग आहे. शंभर टक्के निकालाची हांव हें कित्येक शाळांचें व्यसन होऊन बसलें आहे. दहावीचा निकाल वर्तमानपत्रांत येतो, नववीचा येत नाहीं; तेव्हां कच्चीं मुलें नववींतच अडवून धरावीं, म्हणजे दहावीचा फलक उजळतो. किंवा पालकांस बोलावून गोडीनें सांगावें कीं, “१७ नंबरचा फॉर्म भरा, मुलाचं वर्ष वाचेल.” हा १७ नंबरचा अर्ज मुळांत चांगल्यासाठीं आहे. ज्यांची शाळा सुटली त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसतां यावें ह्यासाठीं तो आहे, आणि पुष्कळ कष्टाळू माणसें त्याच्या आधारें दहावी झालीं आहेत. पण जें मूल अजून वर्गांत बसलेलें आहे त्याच्या हातीं तो अर्ज देणें म्हणजे जिना चढणाऱ्यास खिडकींतून चढावयास सांगणें होय. रोजचा शिक्षक गेला, सोबती गेले, घंटा गेली. मग तें मूल स्वतःच्या बळावर अभ्यास करील अशी अपेक्षा करावयाची! शिकवितांना ज्याला आपला आधार पुरला नाहीं त्याला आधारावांचून सोडण्यांत कोणतें शिक्षणशास्त्र आहे, हें त्या मुख्याध्यापकांनींच सांगावें.

कच्च्या मुलास शिकविण्याची रीत फार गूढ नाहीं. नववीच्या गणितांत तो अडतो तेव्हां नववीचेंच गणित त्याला दहा वेळां सांगण्यांत वेळ दवडूं नये. त्याला मागें नेत जावें. भागाकार येतो का, अपूर्णांक येतो का, दशांश चिन्ह कोठें द्यावें हें कळतें का, असें पाहत जावें. जेथें पाऊल ठाम पडतें तेथून परत वर यावें. पांचवीचें पुस्तक नववींतल्या मुलापुढें उघडतांना चार मुलांत त्याची लाज जाणार नाहीं एवढें मात्र जपावें. रोज एक तास याप्रमाणें एक सत्र लक्ष घातलें तर ३५ गुणांची मजल पुष्कळांच्या आटोक्यांत येते.

तरीहि कांहीं नापास होतातच. मंडळानें २०१६ च्या सुमारास गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शब्द काढून टाकला. मुलाला काय झालें तें न वाचतांच कळतें, ही गोष्ट वेगळी. त्याहून मोठी सुधारणा २०१५ सालीं झाली. पूर्वीं फेरपरीक्षा ऑक्टोबरांत होई, ती जुलैंत घेण्यास सुरुवात झाली. तिच्यांत निभावलें तर वर्ष वांचतें. शिवाय जे विषय सुटले ते पुन्हां द्यावे लागत नाहींत. पण निकाल आणि फेरपरीक्षा ह्यांमध्यें थोडेच आठवडे असतात, आणि त्यांतला पहिला आठवडा मुलगा तोंड लपविण्यांत घालवितो. शिक्षकानें निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं त्याच्या घरीं जावें. पेढे घेऊन येणाऱ्यांची वाट मागाहूनहि पाहतां येते.

कसब्याला लागूनच असलेल्या मंगळवार पेठेंत ‘स्व-रूपवर्धिनी’ ही संस्था आहे. किशाभाऊ पटवर्धन ह्या शिक्षकानें ती १९७९ सालीं सुरू केली. पेठांतल्या वस्त्यांमधलीं मुलें संध्याकाळीं एकत्र आणावयाचीं, खेळ आणि अभ्यास दोन्ही करून घ्यावयाचे, आणि मोठ्यांनीं धाकट्यांकडे पाहावयाचें, हा तिचा क्रम. अशा कार्याचा व्याप पाहून सामान्य गृहस्थ दबून जातो आणि देणगीची पावती फाडून मोकळा होतो. देणगी द्यावीच, परंतु पेठेंतल्या किती तरी घरांत संध्याकाळीं सात ते नऊ बाहेरची खोली रिकामी असते आणि दिवा जळत असतो. तेथें भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा मुलगा कोणत्या इयत्तेंत आहे, हें घरांतल्या किती जणांना ठाऊक असतें? ज्या दुकानदाराकडे पंधरा वर्षांचा मुलगा कामास आहे त्यानें फेब्रुवारी-मार्चांत त्याला चार वाजतां सोडावें आणि पगार कापूं नये. ह्यांत त्याचें होऊन होऊन किती नुकसान होईल?

दहावीच्या परीक्षेचे अर्ज सामान्यतः दिवाळीच्या आगेंमागें भरले जातात, आणि १७ नंबरचे त्याच्याहि आधीं. म्हणजे नववी-दहावीच्या हजेरीपटावर कोणाच्या नांवापुढें रिकामीं घरें वाढूं लागलीं आहेत, हें गणपतीपूर्वीं पाहावयास हवें. आणि तीं का वाढलीं हें विचारावयास त्या घराच्या पायऱ्या त्याच आठवड्यांत चढावयास हव्यात.