एकच आसन

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झाले. मागे एका रविवारी अम्मी, मुलगी आणि नात यांना घेऊन मी तिथे गेलो. जुनी विमाने उघड्यावर मांडलेली. पोरे त्यांच्या सावलीत लपाछपी खेळत होती, आयाबाया फोटोसाठी त्यांना गोळा करत होत्या.

नात ‘सी हॉक’पाशी थांबली. मी सांगू लागलो, जहाजावर जागा थोडी, म्हणून याचे पंख दुमडून ठेवत. तिने विचारले, “नाना, आत किती जण बसायचे?”

“एकच.”

“मग त्याला भीती वाटली तर?”

मी उत्तर टाळले आणि पराक्रमाकडे वळलो. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला, पुढे चितगाववरही.

अम्मी ऐकत होती. म्हणाली, “तेव्हा मुंबईत खिडक्यांना काळे कागद लावलेले. तू मांडीवर. विमानाचा आवाज आला की तुला पदराखाली घ्यायची. आपलं की त्यांचं, अंधारात काय कळणार? तिकडेही असेलच की एखादी, पोर मांडीवर घेऊन.”

त्या एकट्या वैमानिकाच्या धैर्याला माझा सलाम आहे. अम्मीचे म्हणणेही खोटे नाही. निघताना नातीने विमानाला हात हलवून निरोप दिला. लढाऊ विमानांनी यापुढे पोरांच्या लपाछपीला सावली तेवढी द्यावी, याहून मोठी दुआ मला सुचत नाही.