महागाई मोजली गिरणगावात, भत्ता गेला दुसरीकडे
(कापूस उत्पादकांच्या जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीची पत्रिका वाटली तेव्हा एका कार्यकर्त्यानं मला विचारलं, "दादा, कापसाच्या बैठकीत सरकारी नोकरांच्या पगाराचं काय काढलंत? आपल्या भावाचं बोला." मी त्याला म्हटलं, भावाचंच बोलणार आहे, पण जरा मुंबईच्या वाटेनं जाऊन.

मार्च २०२३ आठवा. १४ तारखेला राज्यातले सरकारी नोकर, शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या. गहू, हरभरा, राहिलीसाहिली ज्वारी आडवी झाली. पंचनामा करणार कोण? तलाठी संपावर, कृषी सहायक संपावर, ग्रामसेवक संपावर. २० तारखेला संप मिटला. तोवर आपण बांधावर उभं राहून काळी पडलेली कणसं बघत होतो. त्या दिवसांत गावागावांत एकच बोलणं होतं : "यांना महिन्याला पगार, म्हातारपणाला पेन्शन आणि वर संप. आम्हाला काय?"

राग खरा आहे. मलाही आला होता. पण रागाच्या भरात माणूस चुकीच्या दाराला लाथ मारतो. म्हणून आज हा हिशेब नीट मांडायचा आहे.

माझे थोरले चुलते लालबागला गिरणीत होते. आमचा भाग दुष्काळी. घरात दोन भाऊ, जमीन एकाच्याही पोटाला पुरेना, म्हणून एक मुंबईला गेला. गिरणगावात अशी घरटी माणसं होती, कोकणातली, साताऱ्या-कोल्हापूरकडची, नगरची. तुमच्या कापसाच्या गाठी कॉटन ग्रीनच्या वखारींत उतरायच्या आणि तिथून हाकेच्या अंतरावर परळ-लालबागच्या गिरण्यांत त्याचं सूत व्हायचं. गावचं बोंड आणि गावचाच माणूस, दोन्ही त्या एका भोंग्याला बांधलेले.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात ठेवा. मुंबईत १९२१ च्या सुमारास सरकारनं कामगार कचेरी काढली. त्या कचेरीनं गिरणी कामगारांच्या चाळीतून घरखर्चाची पाहणी केली. ज्वारी किती, तांदूळ किती, डाळ, रॉकेल, कापड, खोलीचं भाडं किती. त्यावरून राहणीखर्चाचा निर्देशांक निघाला. पुढं दुसऱ्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा गिरण्यांतला महागाईभत्ता या निर्देशांकाला जोडला गेला. महागाई मोजायची आणि तेवढी भरपाई मजुरीत घालायची, ही रीत गिरणगावात रुजली.

आज केंद्र सरकारच्या नोकराचा महागाईभत्ता कशावर ठरतो? औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर. म्हणजे कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि गोद्या इथल्या कामगाराच्या घरखर्चावर. राज्य सरकारही केंद्राच्याच दरामागून जातं. कामगाराच्या घरातली भाकरी महागली की मंत्रालयातल्या साहेबाचा भत्ता वाढतो. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. १ जुलै २०२५ चा केंद्राचा दर मूळ पगाराच्या ५८ टक्के. निवृत्त सरकारी नोकरालाही पेन्शनवर तोच दर.

आणि खासगी कारखान्यातल्या ज्या कामगाराच्या घरात ही महागाई मोजली जाते, तो निवृत्त झाल्यावर त्याला किती महागाईभत्ता? शून्य.

खासगी कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन म्हणजे १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचा हिशेब पाटीवर करता येतो. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० च्या वर धरत नाहीत. त्याआधी ६,५०० च धरायचे. आजच्या मर्यादेनं पूर्ण ३५ वर्षं घासलेल्या कामगाराला १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे ७,५०० रुपये. बस्स. मरेपर्यंत तेवढेच. ज्यांचा हिशेब शे-दोनशे, पाचशे रुपयांवर येत होता त्यांच्यासाठी २०१४ साली किमान १,००० रुपये ठरले. दहा वर्षं उलटून गेली तरी ते हजारच राहिले. त्याच निर्देशांकानं वाढवले असते तर २०२५ मध्ये ते सोळाशेच्या पुढं गेले असते.

शेजारी सरकारी हिशेब मांडा. शेवटचा मूळ पगार ५०,००० असेल तर जुन्या पेन्शननं निम्मे, २५,०००. त्यावर ५८ टक्के म्हणजे १४,५००. एकूण ३९,५०० रुपये. आणि जानेवारी-जुलैला वाढ ठरलेली.

बाकीचं राहू द्या, राज्यातली निराधारांची मदत घ्या. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले. म्हणजे ज्यानं आयुष्यभर यंत्रावर काम केलं, ज्याच्या नावानं मालकानं दरमहा पैसे भरले, त्याची किमान पेन्शन निराधाराच्या मदतीपेक्षा कमी!

हे आपोआप झालं नाही. १९८२ साल घ्या. १८ जानेवारीला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी. मागणी पगारवाढीची होती, बदली कामगारांना कायम करण्याची होती, आणि ज्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलण्याचा हक्क दिला होता तो कायदा काढण्याची होती. माझे चुलते त्या संपात गावी आले. वर्षभर आमच्याबरोबर ज्वारी काढली, कडबा रचला. 'आज मिटेल, उद्या मिटेल' म्हणत पत्राची वाट बघितली. तो संप कुणी मागं घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. गिरण्या मात्र बंद पडत गेल्या.

त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ ला, सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्याचा निकाल दिला. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेले आणि नंतरचे, असा भेद करून काहींना कमी पेन्शन देता येणार नाही. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे. उत्तम निकाल. सरकारी पेन्शनर आजही १७ डिसेंबर हा दिवस पाळतात. मला त्यांचा हेवा नाही. मी एवढंच विचारतो की, केलेल्या सेवेचा हक्क फक्त सरकारी कचेरीतल्या सेवेला लागतो काय? साच्यावर उभं राहून कानाचे पडदे फाटले, छातीत कापसाची धूळ गेली, ती सेवा नव्हे?

आता गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशी एकच चक्कर मारा. गिरगावच्या चाळीत सचिवालयातून निवृत्त झालेला कारकून भेटेल. त्याचं म्हातारपण साधं आहे, पण औषधाला मुलापुढं हात पसरावा लागत नाही. लालबागला निवृत्त गिरणी कामगार भेटेल. तो म्हाडाच्या सोडतीकडं डोळे लावून बसलेला. २०१२ साली गिरणी कामगारांची पहिली सोडत निघाली तेव्हा घरं होती सुमारे सात हजार आणि मागणारे दीड लाखाच्या आसपास. आणि परळला, जिथं गिरणीचं आवार होतं तिथल्या काचेच्या इमारतीच्या दारात गणवेश घातलेला पोरगा भेटेल. कंत्राटदाराचा माणूस. कंत्राट बदललं की नोकरी नवी, वर्षं पुन्हा एकपासून. हे तिघे एकाच बाजारातून भाजी घेतात. भाजीवाली तिघांना तीन भाव लावत नाही.

कुणी म्हणेल, सरकारी नोकरांतही सगळे साहेब नाहीत. खरं आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली होती, म्हणून तर २०२३ चा संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, राज्यानंही लगेच ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. २५ वर्षांच्या नोकरीला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे, आणि दहा वर्षांच्या नोकरीला किमान १०,०००. त्यात केंद्र सरकार आपल्या नोकरासाठी पगाराच्या १८.५ टक्के भरतं. कारखान्यातल्या कामगाराच्या पेन्शनीत तेच सरकार १.१६ टक्के भरतं, तेही १५,००० च्या मर्यादेत. तिकडं किमान दहा हजार, इकडं एक हजार.

एसटीचा चालकही त्या हजार-दोन हजारांच्या रांगेतला. २०२१-२२ मध्ये एसटी कामगार काही महिने संपावर बसले, "आम्हाला शासनात घ्या" म्हणून. ती मागणी का आली, ते आता तुम्हाला समजलं असेल. आणि शेजारच्या बुलढाण्यात निवृत्त कामगारांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं, साडेसात हजार आणि महागाईभत्ता मागत. बुलढाणा आपला कापसाचाच जिल्हा. आपल्यातले किती जण त्या मांडवात जाऊन बसले?

आता आपल्या बांधावर येऊ. त्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा हिस्सा सुमारे ३९ टक्के. ज्वारी-डाळ महागली की निर्देशांक चढतो, तो चढला की सरकारचा पगारखर्च वाढतो. मग सरकारला सोपी वाट कोणती दिसते? धान्याचा भाव चढू द्यायचा नाही. डाळ आयात करा, कांद्याची निर्यात रोखा. कापसाचं तेच. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० जाहीर केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमकी आपली बोंडं फुटायच्या वेळी. म्हणजे महागाई झाली तर भरपाई नोकराला, आणि महागाई होऊ नये म्हणून जो खड्डा भरायचा तो शेतकऱ्यानं.

म्हणून मी म्हणतो, तलाठ्याची पेन्शन काढून घ्या ही मागणी आपली नव्हे. त्याची काढून घेतली तर आपल्या पदरात एक दाणा पडत नाही. आपली मागणी अशी असली पाहिजे की, माप एक ठेवा. आज या बैठकीपुढं तीन गोष्टी मांडतो.

पहिली. ज्या निर्देशांकानं सरकारी पेन्शन वाढते त्याच निर्देशांकानं कामगाराची पेन्शन वाढली पाहिजे, आणि त्याची किमान रक्कम निराधाराच्या मदतीखाली असता कामा नये.

दुसरी. संप करण्याचा हक्क कुणाचाही असो, गारपिटीचे पंचनामे थांबता कामा नयेत. गावसभेनं पंचांसमक्ष केलेला पंचनामा अशा वेळी ग्राह्य धरावा.

तिसरी. आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. त्याच्यापुढं कर्मचारी संघटना आपली बाजू मांडतील. त्यांच्या पगाराची किंमत भाव पाडून वसूल करू नका, हे सांगायला आपणही तिथं गेलं पाहिजे.

माझे चुलते गेले तेव्हा त्यांच्या पेटीत गिरणीचं हजेरीचं कार्ड निघालं. चुलतीनं ते टाकू दिलं नाही. म्हणाली, "राहू द्या, कधी तरी कुणी हिशेब मागेल."

तो हिशेब मागायची वेळ आली आहे. ठरावाला ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत.