लेकरांची जीभ

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या दिवसांत आपल्या मंदिराच्या घंटेविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगितले. आज आम्ही ज्या आवाजाविषयी बोलणार आहोत, तो घंटेहूनही लांब जातो. तो म्हणजे पुढच्या बाकावरील चार वर्षांच्या लेकराचा आवाज.

आल्तारापाशी उभे असता आम्हांस तुमच्या कल्पनेहून अधिक ऐकू येते. एकदा मिस्सेत आम्ही चषक उंचावला होता आणि सर्वत्र निःशब्दता पसरली होती. तोच एका बालकाने आईस विचारले, "आई, फादर एकटेच का पितात?" दुसऱ्या एका रविवारी दानाची थैली फिरत असता एक चिमुरडी बापास म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणता ना, फादरला पैशाशिवाय काही सुचत नाही? मग आता कशाला देता?" बापाने मान खाली घातली, ती अखेरच्या आशीर्वादापर्यंत वर केली नाही. आम्हीही पुढे महिनाभर प्रवचनात पैशाचा विषय काढला नाही.

या गोष्टी हसण्याजोग्या आहेत. परंतु एक प्रसंग आठवला म्हणजे आम्हांस हसू येत नाही. आम्ही तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. बालकांच्या मिस्सेत प्रवचन प्रश्नोत्तररूपाने करण्यास रोमने १९७३ साली मुभा दिली आहे. तदनुसार आम्ही विचारले, "रात्री तुमच्या घरी रोझरी कोण सांगतो?" पाच वर्षांच्या एका मुलाने हात वर केला व खणखणीत स्वरात सांगितले, "आजी सांगते. बाबा पिऊन आले असले, की आम्ही हळू आवाजात म्हणतो."

मंदिरात हशा पिकला. खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हीही हसलो. मिस्सा संपल्यावर दाराबाहेर त्या मुलास बापाने थोबाडीत मारली. पुढल्या रविवारी त्याचा हात वर झाला नाही, आणि त्याच्या पुढल्याही रविवारी नाही. आम्ही त्यास जवळ बोलावून विचारले, "बाळ, तुला उत्तर येत नाही का?" त्याने एकवार बापाकडे पाहिले व म्हटले, "नाही." उत्तर त्यास येत होते. खरे बोलल्यास मार मिळतो व खोटे बोलल्यास सुटका होते, हा धडा तो देवाच्या घरात शिकला. त्यात बापाइतकाच आमचाही दोष होता, कारण प्रश्न आमचा होता आणि हशातही आम्ही सामील होतो.

बंधुभगिनींनो, लेकरू आपली अब्रू घ्यावयास बोलत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, याचा विचार लहान मूल बोलताना करीत नाही, हे ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२३ सालीच आपल्या ग्रंथात दाखविले. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही सातवे वर्ष पूर्ण होईपर्यंत बालक स्वतःस जबाबदार मानले जात नाही. ज्या वयात ख्रिस्तसभा त्यास कुमसारास बसवीत नाही, त्या वयात आपण त्यास मंदिराच्या दारात शिक्षा करावी काय? पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांतील ३ व ४ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, ज्या शाळेत मारझोड होती तेथील मुले अधिक खोटे बोलत, आणि ते खोटे अधिक सफाईने लपवीत. मारामुळे मूल खरे होत नाही, सावध मात्र होते.

यरुशलेमच्या मंदिरात मुलांनी प्रभूचा जयजयकार केला, तेव्हा प्रतिष्ठित मंडळींस तो गलका वाटला व त्यांस राग आला. प्रभूने मुलांस गप्प केले नाही. उलट तान्ह्यांच्या मुखातील स्तुतीविषयीचे स्तोत्र त्याने त्या मोठ्यांस आठवून दिले.

म्हणून आमची विनंती एवढीच. लेकरू चारचौघांत काही बोलून गेले, तर तेथे त्यास मारू नये, व त्यास लाज वाटेल असे हसूही नये. घरी गेल्यावर मांडीवर घेऊन सांगावे की, काही गोष्टी खऱ्या असतात, परंतु त्या घरातच बोलावयाच्या असतात. मात्र त्याच रात्री, लेकरू निजल्यावर, आपण स्वतःस विचारावे: ते जे बोलले, ते खरे होते काय? खरे असेल, तर सुधारावयाचे ते त्याची जीभ नव्हे.

तो बाप काही महिन्यांनी एका संध्याकाळी आमच्याकडे आला. तो कुमसारासाठी नव्हे, बोलण्यासाठी आला होता. पुष्कळ वेळ बसला. जाताना म्हणाला, "फादर, माझे नाव सांगू नका, पण ही गोष्ट बाकीच्या बापांस सांगा." ती आज सांगितली. त्या घरात दारू एका दिवसात सुटली नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागला. परंतु आम्ही तो धर्मग्राम सोडण्यापूर्वीच्या एका रविवारी त्या मुलाने पुन्हा हात वर केला. आम्ही काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, "फादर, आता आम्ही मोठ्याने म्हणतो."

परमेश्वर आपल्या घरांस व आपल्या लेकरांस आशीर्वाद देवो.