शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपल्या वृद्धांचा सत्कार झाला, तें योग्यच झालें. परंतु त्यांपैकीं कित्येकांना न्हाऊंमाखूं घालून, हात धरून ज्यांनीं येथवर आणलें, त्यांच्याविषयीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. बहुधा ती घरांतील एकच व्यक्ति असते. आणि बहुधा ती सून किंवा अविवाहित मुलगी असते.

स्मृतिभ्रंश झालेलें माणूस तोच प्रश्न दहादां विचारतें. दिवस मावळूं लागला कीं कित्येकांची अस्वस्थता वाढते; स्वतःच्याच घरांत बसून 'मला घरीं न्या' म्हणूं लागतात. अशा वेळीं वाद घालून कांहीं निष्पन्न होत नाहीं. शब्द सोडून द्यावा, त्यामागची भीति ओळखावी, हात हातीं घ्यावा. हें सांगणें सोपें. परंतु रात्रीं तीनदां उठलेल्या बाईनें तें आचरावें कसें? संयम हा सद्गुण खरा, पण तो झोपेवरहि अवलंबून असतो. नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स यांनीं १९८१ सालीं या विषयावरील आपल्या ग्रंथास 'छत्तीस तासांचा दिवस' अशा अर्थाचें नांव दिलें, तें उगीच नव्हे.

१९९९ सालीं अमेरिकेंत शुल्झ व बीच यांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराची सेवा करतांना मानसिक ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्यें चार वर्षांतील मृत्यूचें प्रमाण, अशी सेवा न कराव्या लागणाऱ्यांपेक्षां ६३ टक्के अधिक आढळलें. तेव्हां विश्रांति मागणें म्हणजे प्रेम आटणें, असा अर्थ कोणीं काढूं नये. त्राग्याचें पापनिवेदन भगिनींनीं खुशाल करावें. पण त्याबरोबर आठवड्यांतून एक दुपार झोपहि घ्यावी!

आणि शेजाऱ्यांनो, 'कांहीं लागलें तर सांगा' असें उंबऱ्यावरून म्हणणें सोडा. ती सांगणार नाहीं. 'बुधवारीं तीन ते सहा मी बसतें' असें म्हणा. दूरदेशीं असलेले मुलगे पैसे पाठवितात, हें ठीक. सुट्टींत आल्यावर दोन रात्री त्यांनीं स्वतः जागाव्या. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनीं बदलावी लागते, नाहींतर पाठीस जखमा होतात. तें काम दोघांनीं मिळून, नर्सकडून शिकून घेऊन करावें; एकटीनें ओढाताण केली कीं तिचीच पाठ धरते.

औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा टेलिफोन, केव्हां कोणत्या कुशीवर वळविलें, हें सारें एका वहींत लिहून ती उशाशीं ठेवावी. म्हणजे नवखा माणूसहि तिच्यावांचून तीन तास निभावून नेईल.