तापाच्या यादीत कोण नव्हतं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी नोकरी आरोग्य खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं धानोरा-एटापल्लीकडे तापाच्या नोंदी घेण्यात. म्हणून सचिवांनी ‘सर्व्हेवर दोन शब्द बोला’ म्हटलं. दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या.

हंगामी तापाच्या सर्व्हेत आजाराआधी माणूस लिहायचा असतो. वय, शिक्षण, काम, उत्पन्न. आम्ही सकाळी दहाला गावात पोचायचो. घरी भेटायचे म्हातारे आणि लेकरं. बाकीचे कुठे? मे महिन्यात तेंदूपत्त्याला, पावसाळ्यात रोवण्यावर, पुढे धानाच्या राखणीला रात्रभर शेतातच. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीतले सुमारे ३९ टक्के लोक आदिवासी. आमचे प्रश्न मराठीत, घरातली भाषा गोंडी किंवा माडिया. तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरम, मेंदूपर्यंत जाणारा. त्याचा डास चावतो रात्री, आणि रात्री शेतात झोपणारा माणूसच आमच्या कागदावर नाही! मग आम्ही दिवेलागणीला जाऊ लागलो. यादीच बदलली.

एवढं शिकूनही मी इथे तीच चूक केली.

मागे डेंग्यूच्या दिवसांत समितीने फॉर्म वाटले, आठवतं ना? फॉर्म मीच केला होता. शहरात वापरतात त्या कुप्पुस्वामींच्या मोजपट्टीवरून कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्न असे रकाने घेतले. (उत्पन्नाचा रकाना निम्म्यांनी कोराच ठेवला, ते सोडा.) पहिला रकाना होता सदनिका क्रमांक. ताप जवळजवळ कुणालाच नाही, असा अहवाल आपण फलकावर लावला. आठवड्याभरात रात्रपाळीचा चौकीदार डेंग्यूने दवाखान्यात गेला.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. हा माणूस रात्रभर जागून दिवसा गेटजवळच्या खोलीत झोपायचा, मच्छरदाणीशिवाय, उघड्या टाक्याशेजारी. त्याला सदनिका क्रमांक नाही, म्हणून फॉर्म नाही. नंतर कळलं, कामाला येणाऱ्या दोन बायकाही तापातच भांडी घासत होत्या. खाडा झाला तर पैसे कापले जातील म्हणून बोलल्या नाहीत.

चौकीदार बरा होऊन आला. टाक्याला झाकण बसलं.

यंदाचा फॉर्म नवा आहे. पहिला प्रश्न, ‘या आवारात दिवसा किती तास असता?’ बाहेर टेबलावर गठ्ठा ठेवलाय. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंचाही भरून आणा. पण तापाच्या खाड्याचे पैसे कापणार नाही, हे त्यांना आधी सांगा. नाहीतर त्या ‘बरी आहे’ एवढंच सांगतील.