एकशे पस्तीस गुणिले बारा



शिक्षक संमेलनाच्या या अध्यक्षीय भाषणासाठी मी तिसरी-चौथीच्या वर्गातला गुणाकार निवडला आहे. शालेय गणिताची खरी चढण तिथे सुरू होते, असं माझं मत आहे. बेरीज-वजाबाकीपर्यंत मूल बोटांच्या आधारानं येऊन पोचतं. गुणाकारात बोटं पुरत नाहीत. इथे जे मूल मागे राहतं ते भागाकारात, अपूर्णांकात, शेकडेवारीत आणि पुढे बीजगणितातही मागेच राहतं. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. ज्याचा भागाकार अडतो, त्या मुलाजवळ जरा बसून पाहा. बहुतेक वेळा आधी गुणाकार अडलेला असतो.

यावर उपाय काय, असं विचारलं की आपल्यात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पाढे पाठ करून घ्या. दुसरा म्हणतो, आधी समजू द्या. मला हे भांडण खोटं वाटतं, आणि त्याचा निकाल आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी लागलेला आहे, हे आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. गुणाकाराचं प्रकरण सुरू होताच आचार्य एकच उदाहरण घेतात : १३५ गुणिले १२. उत्तर १६२०. आजच्या पुस्तकात इथे एक रीत येईल आणि खाली तिच्या सरावाची उदाहरणं येतील. आचार्य तसं करत नाहीत. ते त्याच उदाहरणाकडे पुन्हा पुन्हा येतात. बारा अख्खे घेऊन गुणा. नाहीतर बाराचे आठ आणि चार असे भाग करा : १०८० आणि ५४०, बेरीज १६२०. नाहीतर बारा म्हणजे तीन चोक बारा, म्हणून आधी एकानं गुणा, आलेल्याला दुसऱ्यानं गुणा. नाहीतर एकक आणि दशक वेगवेगळे गुणून आपापल्या स्थानी मांडा. नाहीतर दहानं गुणून दुप्पट मिळवा, किंवा विसानं गुणून आठपट वजा करा : २७०० वजा १०८०, पुन्हा १६२०. एका उदाहरणाला इतक्या वाटा. विद्यार्थ्याला काय सुचवायचं आहे, हे वेगळं सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. संख्या आपल्या सोयीनं फोडावी, तुकडे गुणावेत आणि जोडावेत. उत्तर हलत नाही.

पुढे १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तिच्यात चौकटी आखून, तिरक्या रेषा मारून करायचा गुणाकार आहे. म्हणजे चारशे वर्षांनंतरही या परंपरेत नवी वाट आनंदानं दाखल होत होती. आज आपल्या वर्गात एखाद्या मुलीनं वेगळ्या रीतीनं बरोबर उत्तर काढलं, तर तिला ‘पुस्तकातल्या रीतीनं कर’ असं सांगितलं जातं. आपण परंपरा पाळतो असं आपल्याला वाटतं. ही कुठली परंपरा?

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण देणग्यांचा तपशील तेव्हाच्या मराठीत आहे. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं : गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला द्यावं. गणित शिकवणाऱ्या शाळेचा खर्च चालवायला केलेली ही व्यवस्था, आणि ती स्वतःच एक गुणाकार आहे. ‘प्रत्येकी’ ही कल्पना तिच्या पोटात आहे. एक संख्या घाणे मोजते, दुसरी दर घाण्यामागचं तेल सांगते. दोन्ही संख्यांचं काम निराळं आहे. बेरजेत असं नसतं. तिथे आंब्यांत आंबेच मिळवायचे असतात. गुणाकार शिकताना मूल पहिल्यांदा अडखळतं ते इथे, आणि आपण मात्र त्याला थेट ‘बे एके बे’कडे नेतो.

पाच घाण्यांचं तीन-तीन पळ्या तेल आणि तीन घाण्यांचं पाच-पाच पळ्या तेल, दोन्हीकडे पंधराच पळ्या. मठाला फरक पडत नाही. तेल देणाऱ्याला पडतो. हे मुलांशी बोलायला हवं. मग चिंचोके घेऊन पाचाच्या तीन ओळी मांडायच्या आणि मुलाला मांडणीच्या दुसऱ्या बाजूला उभं करायचं. तिथून तिनाच्या पाच ओळी दिसतात. एकही चिंचोका हललेला नसतो. ‘क्रम बदलला तरी गुणाकार तोच’ हा नियम फळ्यावर लिहून जितका कळत नाही तितका या चार पावलांत कळतो.

आता वर्गातली एक चूक घेऊ. २३ गुणिले १४. मूल लिहितं २१२. आपण लाल फुली मारतो आणि पुढे जातो. मुलानं काय केलं ते बघा. वीस दाहे दोनशे, तीन चोक बारा, दोन्ही मिळून २१२. बेरीज करताना दशकात दशक, एककात एकक हेच आपण त्याला शिकवलं होतं, तेच त्यानं इथे आणलं. चौकटीच्या कागदावर २३ घरं लांब, १४ घरं रुंद असा आयत काढायला सांगा. विसावर एक रेघ, दहावर एक रेघ. आयताचे चार तुकडे पडतात : २००, ८०, ३० आणि १२. मुलानं दोन घेतले आणि दोन सोडले. राहिलेले ११० त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात, आणि ३२२ पर्यंत ते आपण होऊन येतं. हाच आयत आठवीत पुन्हा भेटतो, तेव्हा त्याच्या बाजूंवर अंकांऐवजी अक्षरं असतात. आठवीत ‘क अधिक ख’च्या वर्गात मधलं पद गाळणारं मूल तिसरीतली तीच चूक करत असतं. मधली पाच वर्षं ती कोणी पाहिलेली नसते.

उभ्या मांडणीविरुद्ध माझं म्हणणं नाही. ती सुंदर आहे, थोड्या जागेत पुष्कळ काम करते. पण दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली का मारायची, हे विचारलं तर ‘मारायची असते’ एवढंच उत्तर येणार असेल, तर ती मांडणी फार लवकर आली. तेविसाला चौदातल्या एकानं गुणतो तेव्हा आपण दहानं गुणत असतो, हे आयतात दिसून गेलेलं असलं की फुलीचं कोडं उरत नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नुनेस, कॅराहर आणि श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचं गणित तपासलं. तो लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत मुलांची ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर दिल्यावर ३६.८ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, नारळ पस्तीसला एक, तर चार नारळांचे किती? तिनांचे १०५ त्याला ठाऊक होते. त्यांत तीस मिळवून १३५, मग उरलेले पाच, १४०. नंतर कागदावर ३५ गुणिले ४ आलं. चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन त्यानं तिनात मिळवले, पाच झाले, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. नारळ विकताना त्यानं कधीही चार नारळांचे दोनशे मागितले नसते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा असाच अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचं बोट याच दिशेनं जातं. दादर असो वा लातूर, मंडईत आईच्या शेजारी बसून हिशेब करणारी मुलं आपल्याही वर्गात बसतात. १०५ मध्ये तीस आणि पाच मिळवणारी त्यांची रीत ही आचार्यांच्या पाच-सहा रीतींतलीच एक आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. ते सांगणं आपलं काम आहे. ते आपल्या हातून होत नाही, याचं मला दुःख आहे.

आता पाढे. पाढे हवेतच. सात आठे छप्पन्न हे विचार न करता यायला हवं, नाहीतर मोठ्या उदाहरणात मुलाचं सगळं लक्ष छप्पन्न शोधण्यात खर्च होतं. पण किती पाठ करायचं, हे नीट बघा. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार. एकाचा पाढा आणि प्रत्येकाचे ‘दाहे’ वगळा, उलटसुलट जोड्या एक धरा, की उरतात फक्त ३६. त्यांतही बेचा आणि पाचाचा पाढा मुलांना लवकर येतो. भीती घालण्याइतका हा डोंगर मोठा नाही. आणि छप्पन्न विसरलं तर परतायची वाट हवी : पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, छप्पन्न. किंवा सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट. ज्याला ही वाट माहीत आहे तो परवचा म्हणताना मध्येच अडला तर बेपासून पुन्हा सुरुवात करत नाही. तिसापर्यंतचे पाढे सगळ्यांकडून घोकून घेऊ नयेत, असं मी स्पष्ट सांगतो. ज्याला म्हणण्यात गोडी आहे त्यानं जरूर म्हणावेत. बाकीच्यांना एकोणीस साते म्हणजे वीस साते एकशे चाळीस, त्यातून सात कमी, एकशे तेहेतीस, एवढं आलं तर ते जास्त टिकेल.

आपल्या आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली. रुपयाचे सोळा आणे होते, मणाचे चाळीस शेर होते. व्यवहाराला ते पाढे लागत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापं आली आणि हे पाढे गेले. जायलाच हवे होते. पण त्यांच्याबरोबर एक जाणही गेली, तिची आपण कधी मोजदाद केली नाही. चोविसाचे पाऊणपट अठरा म्हणणाऱ्या मुलाला गुणाकारानं संख्या लहानही होते, हे नकळत कळलेलं असे. आजचं मूल पूर्ण संख्यांचेच पाढे म्हणतं, आणि ८ गुणिले ०.५ चं उत्तर ४ आलं की आपलंच काहीतरी चुकलं असं समजून खोडतं. चौथीपर्यंत ‘गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज’ एवढंच सांगितल्याचा हा परिणाम आहे. ती व्याख्या सुरुवातीला उपयोगी पडते, पण अर्ध्या वेळा बेरीज कशी करणार? म्हणून निमपट, पाऊणपट, दीडपट हे तिसरीतच बोलण्यात यावं : अर्धा लिटर दूध, पाव किलो साखर, दीडपट पाणी. पाढे परत आणण्याची गरज नाही. त्यांतलं आकलन परत आणता येईल.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे. ‘१८ गुणिले १५ दोन वेगळ्या रीतींनी करा’ असा एक प्रश्न चौथीच्या पत्रिकेत घाला आणि कोणत्याही बरोबर रीतीला पूर्ण गुण द्या. परीक्षेत आलं की वर्गात येतं, हे आपण सगळे जाणतो. आणि केंद्राच्या दरमहाच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास मुलांच्या वह्यांसाठी काढा. नावं झाकून चुकलेले गुणाकार मधोमध ठेवा आणि मुलानं असं का केलं असेल, यावर आपसांत बोला. वर्षभरात प्रत्येक केंद्राकडे मुलांच्या रीतींचा आणि चुकांचा आपला संग्रह तयार होईल. पुढच्या संमेलनाला येताना तो घेऊन या. त्यासाठी एक पूर्ण सत्र ठेवावं, असा ठराव मी आज सायंकाळच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे.